मोडलेल्या नडगीचें भविष्य

भविष्य सांगणारे लोक आपल्या देशांत पुष्कळ आहेत, व त्यांच्यावर विश्वास ठेवणारेहि कमी नाहींत. परंतु ज्या भविष्याला कार्यकारणाचा आधार आहे, जें चुकलें तर कां चुकलें हें शोधतां येतें, आणि जें ऐकून मनुष्य आपली वागणूक बदलून तें खोटें पाडूं शकतो, असें भविष्य फार थोड्या ठिकाणीं आढळतें. वैद्यकशास्त्रांतील अशाच एका भविष्याची ओळख आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतु आहे. गुडघ्याखालीं पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, हाडांत सळई बसली. आतां तें हाड सांधेल कीं नाहीं, हें आधीं ओळखतां येतें काय? येत असेल तर कशावरून? आणि ओळखून उपयोग काय?

आमच्या बीड जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. जिल्हा बहुतांशीं कमी पावसाचा. कोरडवाहू शेतीवर वर्ष निभत नाहीं, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखों माणसें ऊंस तोडण्यासाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथें ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, व त्या कोयत्यावर मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते. दोघांपैकीं एकाचा पाय मोडला म्हणजे कोयताच मोडला. उचल मात्र अंगावर तशीच राहते. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढतांना पाय निसटणें, बैलगाडीचें चाक पायावरून जाणें, धुळें-सोलापूर महामार्गावर मोटारसायकलीला धडक बसणें, अशीं नडगी मोडण्याचीं निमित्तें आमच्याकडे पुष्कळ. अंबाजोगाईस १९७० च्या दशकांत स्थापन झालेलें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें रुग्णालय, तसेंच बीडचें जिल्हा रुग्णालय, हीं अशा जखमींचीं आश्रयस्थानें आहेत. परंतु शस्त्रक्रिया हा अर्धाच प्रवास होय. उरलेला अर्धा घरीं, फडांत आणि कोपीवर व्हावयाचा असतो, व हाडाचें भवितव्य पुष्कळदां तेथेंच ठरतें.

प्रथम नडगीची रचना पाहूं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडें असतात. आंतल्या बाजूचें जाड तें नडगीचें हाड, आणि बाहेरच्या बाजूचें काठीसारखें बारीक तें पोटरीचें हाड. शरीराचा भार बहुतेक सर्व नडगीवर पडतो. वाचकांनीं आपल्या नडगीच्या पुढच्या बाजूवरून बोट फिरवून पाहावें. कातड्याखालीं लागलीच हाड लागतें. मध्यें मांस नाहीं. मांडीचें हाड चहूंकडून स्नायूंच्या गादींत लपेटलेलें असतें. नडगीला पुढून व आंतून तें पांघरूण नाहीं. त्यामुळें नडगी मोडली कीं तिचें टोक कातडें फोडून सहज बाहेर येतें, आणि माती, शेण, रस्त्यावरील घाण आंत शिरण्यास वाट मिळते.

दुसरी अडचण रक्ताची. नडगीला रक्त मुख्यतः दोन वाटांनीं मिळतें. एक धमनी हाडाच्या मागच्या बाजूनें, वरच्या भागांत, आंत शिरते व पोकळींतून खालीं उतरते. आणि हाडाच्या बाहेरच्या आवरणाला भोंवतालच्या स्नायूंतून बारीक रक्तवाहिन्या येतात. हाड मोडून सरकलें म्हणजे आंतली वाट तुटते. मग सगळा भरंवसा बाहेरच्या वाटेवर. परंतु नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागांत स्नायूंचें मांस जवळ जवळ नसतेंच. तेथें दोऱ्यांसारखे स्नायुरज्जू तेवढे असतात. विहीर आटावी आणि पाटालाहि पाणी नसावें, अशी त्या भागाची स्थिति होते. शेताप्रमाणें हाडालाहि ओलाव्याशिवाय अंकुर फुटत नाहीं. हाडाचा ओलावा म्हणजे रक्त.

आतां हाड सांधतें कसें? मोडल्या जागीं प्रथम रक्त सांखळतें. त्या गोळ्यांत नव्या पेशी व नव्या बारीक वाहिन्या शिरतात, आणि कांहीं आठवड्यांत दोन टोकांमध्यें कूर्चेसारखा लवचीक सांधा तयार होतो. पुढें त्यांत चुन्याचे क्षार भरून तो कठीण होतो. त्यानंतर कित्येक महिने शरीर त्या ओबडधोबड जोडाला तासून मूळच्या आकारावर आणीत असतें. प्रौढ माणसाच्या नडगीला सांधण्यास साधारणतः चार ते सहा महिने लागतात. जखम उघडी असेल तर अधिक. नऊ महिने लोटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत क्ष-किरणांच्या चित्रांत कांहींच प्रगति दिसली नाहीं, तर हाड सांधलें नाहीं असें म्हणण्याचा प्रघात आहे.

येथें एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ लोक म्हणतात, ‘रॉड टाकला, आतां पाय पक्का झाला.’ वस्तुतः सळई हाड सांधीत नाहीं. ती हाडाला केवळ जागेवर धरून ठेवते. गुडघ्याखालून हाडाच्या पोकळींत ती उतरवितात व वरखालीं आडव्या स्क्रूंनीं अडकवितात. लोखंडी तार पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे तुटते, हें आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहिलें असेल. हाड न सांधतां मनुष्य चालत राहिला तर प्रत्येक पावलागणिक सळईवर व स्क्रूंवर ताण पडतो, आणि अखेर धातूहि थकतो. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर हाड आणि सळई यांच्यांत एक शर्यत लागलेली असते. हाड आधीं सांधलें तर पाय वांचला. सळई आधीं मोडली तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ.

ह्या शर्यतीचा निकाल आधीं सांगण्याचा प्रयत्न आजचा नव्हे. आपल्या सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत मोडलेल्या हाडांच्या उपचारास आरंभ करतांनाच ग्रंथकार सांगतात कीं, जो अल्प आहार घेतो, ज्याचा मनावर ताबा नाहीं, ज्याची प्रकृति वाताची आहे, किंवा ज्याच्या जखमेंत इतर उपद्रव झाले आहेत, त्याचें हाड कष्टानें सांधतें. तरुणास लागणाऱ्या काळाच्या दुप्पट काळ मध्यम वयांत व तिप्पट काळ उतार वयांत लागतो, असेंहि तेथें म्हटलेलें आहे. अन्न, संयम, प्रकृति, जखम आणि वय, हीं पांच अंगें त्यांत आलीं. शेंकडों वर्षांपूर्वींच्या ह्या यादींतील बहुतेक बाबी आजच्याहि यादींत निराळ्या नांवांनीं आहेत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

अर्वाचीन काळीं ह्या अनुमानाला मोजमाप आलें. गस्टिलो व अँडरसन ह्या दोन शल्यवैद्यांनीं १९७६ सालीं उघड्या अस्थिभंगांच्या तीन प्रती ठरविल्या. जखम एक सेंटीमीटरहून लहान व स्वच्छ असेल तर पहिली प्रत. त्याहून मोठी, परंतु भोंवतालचें मांस फारसें चिरडलेलें नसेल तर दुसरी. आणि मांस मोठ्या प्रमाणावर चिरडलें असेल तर तिसरी. प्रत जितकी वरची तितका जंतुसंसर्गाचा धोका मोठा, व हाड सांधण्याची आशा तितकी कमी.

पुढें २०१६ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील शल्यवैद्यांनीं, नडगींत सळई बसविलेल्या तीनशेंहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून एक गुणपत्रकच तयार केलें. शाळेंत गुण अधिक मिळाले म्हणजे आनंद होतो. ह्या पत्रकांत मात्र गुण जितके अधिक तितकी काळजी अधिक. जखम झांकण्यासाठीं दुसरीकडचें मांस किंवा कातडें आणून बसवावें लागलें असेल तर ५ गुण. पोटरींतील स्नायूंच्या बंद कप्प्यांत सूज कोंडून रक्तप्रवाह अडला असेल तर ४. मधुमेहासारखा जुना आजार असेल तर ३. हाड उघडें पडलें असेल तर २. रुग्ण पुरुष असेल तर १. एकंदर प्रकृति जितकी खालावलेली, आणि मोडलेलीं टोकें एकमेकांस जितकीं कमी टेकलेलीं, तितके आणखी गुण. उलट, हाड पीळ पडून तिरपें मोडलें असेल तर एक गुण वजा, व आघात हलका असेल तर आणखी एक वजा. कारण अशा वेळीं मोडलेल्या टोकांभोंवतालचें मांस व रक्तवाहिन्या पुष्कळशा शाबूत राहतात.

ह्या गुणांची बेरीज करून निघालेलें भविष्य असें: ५ पर्यंत गुण असलेल्या शंभर जणांपैकीं सुमारें २ जणांचीं हाडें सांधलीं नाहींत; ६ ते ८ गुणांत २२ जणांचीं; ९ ते ११ गुणांत ४२ जणांचीं; आणि १२ किंवा अधिक गुणांत ६१ जणांचीं. हें सर्व शस्त्रक्रियेच्याच वेळीं सांगतां येतें, हें ह्या पत्रकाचें वैशिष्ट्य होय.

तथापि आंकडे वाचतांना विवेक पाहिजे. शंभरांत ६१ जणांचें हाड सांधलें नाहीं, ह्याचा अर्थ ३९ जणांचें सांधलें असाहि होतो. आपला रुग्ण त्या ६१ पैकीं कीं ३९ पैकीं, हें पत्रक सांगत नाहीं. शिवाय हे आंकडे एका परदेशी रुग्णालयाचे. तेथील अन्न, रस्ते, रुग्णवाहिका व रुग्णांचे व्यवसाय निराळे. म्हणून अशा भविष्याकडे न्यायाधीशाचा निकाल म्हणून पाहूं नये. आभाळ भरून आलेलें पाहून शेतकरी खळ्यावरची रास झांकतो, त्याप्रमाणें पुढील तयारी करण्याची सूचना म्हणून त्याकडे पाहावें.

ह्या दृष्टीनें पाहतां भविष्य बिघडविणाऱ्या कारणांचे दोन वर्ग पडतात. धडक किती जोराची, हाड किती ठिकाणीं मोडलें, कातडें फाटलें कीं नाहीं, हें सर्व अपघाताच्या क्षणींच ठरून जातें. त्यावर आपला इलाज नाहीं. दुसऱ्या वर्गांतील कारणें मात्र आपल्या हातांत असतात, आणि आमच्या जिल्ह्यांत तींच अधिक विचारांत घेण्यासारखीं आहेत.

त्यांत अग्रस्थान तंबाखूला दिलें पाहिजे. अमेरिकेंतील गंभीर उघड्या नडगीभंगांच्या पाहणींत, २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, धूम्रपान करणाऱ्यांचें हाड सांधण्याचा संभव धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षां ३७ टक्क्यांनीं कमी आढळला, आणि पूर्वीं करून सोडून दिलेल्यांचाहि ३२ टक्क्यांनीं कमी. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत जंतुसंसर्ग दुपटीहून अधिक झाला. तंबाखूंतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करतें. म्हणजे आधींच कोरड्या पडलेल्या पाटाचें तोंड आपणच दगडानें बुजविण्यासारखें आहे. आमच्याकडे पुरुष विडी ओढतात व चुना लावून तंबाखू खातात. पुष्कळ स्त्रिया सकाळीं मिश्री लावतात, आणि ती व्यसनांत मोडते असें त्यांना वाटतच नाहीं. परंतु मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तींतील निकोटीन हिरड्यांतून रक्तांत जातें. पाय मोडलेल्या माणसानें त्या दिवसापासून तंबाखू कोणत्याहि रूपानें घेऊं नये, हें सर्वांत स्वस्त औषध आहे. आणि सोडून दिल्यावरहि जुन्या व्यसनाची छाया रेंगाळते, असें वरील आंकड्यांवरून दिसतें. तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं तें मुळांतच न लावून घेणें हें अधिक शहाणपणाचें होय.

दुसरें कारण मधुमेह. कित्येकांना आपणांस हा विकार आहे हें पाय मोडून रुग्णालयांत गेल्यावरच कळतें. रक्तांतील साखर ताब्यांत नसेल तर जखम चिघळते व हाड मंद गतीनें सांधतें. तिसरें कारण अन्न. मोडलेलें हाड बांधण्यास शरीराला प्रथिनें व चुन्याचे क्षार लागतात. डाळ, मटकी, हरभरा, दूध, अंडीं, शेंगदाणे, तीळ, ज्वारी-बाजरीची भाकरी व पालेभाजी, हें घरचेंच अन्न पुरेसें खाल्लें तर पुष्कळ कार्य होतें. सकाळच्या कोंवळ्या उन्हांत बसणेंहि हितकर. आजाऱ्यानें हलकें व थोडें खावें हा नियम येथें उपयोगी नाहीं.

चौथें कारण पहिल्या कांहीं तासांतील हयगय. हाड उघडें पडलें असेल तर जखमेवर हळद, माती, चहाची पूड कांहींहि न भरतां स्वच्छ कापड झांकून, पायाला दोन्ही बाजूंनीं सैलसर फळ्या बांधून, रुग्णास त्वरित रुग्णालयांत न्यावें. जंतुनाशक औषध जितकें लवकर पोटांत किंवा शिरेंत जाईल तितका संसर्ग टळतो. हाडवैद्याची घट्ट पट्टी अशा वेळीं घातक ठरते. कारण आंत सूज वाढते, बाहेर पट्टी ढिली होत नाहीं, आणि कोंडलेला स्नायु मरतो.

पांचवें कारण अधीरता, व तिचीं रूपें दोन. कोणी पाय जमिनीला टेकवीतच नाहीं व महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहतो. कोणी दोन महिन्यांत मोळी उचलावयास जातो. मापानें दिलेला भार हाडाला पोषक असतो, अतिभार मारक. कितीं व केव्हां टेकवावयाचें हें प्रत्येकाच्या मोडीवर अवलंबून असल्यामुळें तें शल्यवैद्यांनींच सांगावयाचें. कांहीं लोक हाड लवकर सांधत नाहीं म्हणून लागलीच दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आग्रह धरतात. तोहि योग्य नव्हे. कॅनडा, अमेरिका व नेदरलंड्स ह्या देशांतील १,२२६ रुग्णांवर झालेला एक मोठा प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हाड सांधलें नाहीं म्हणून दुसरी शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं शक्यतों सहा महिने थांबावें असा दंडक होता. अशा धीरामुळें अखेर सळई बदलण्याची किंवा हाडाचें कलम करण्याची पाळी शंभरांत पांच जणांवरहि आली नाहीं.

परंतु थांबणें म्हणजे विसरणें नव्हे. हाडाची प्रगति मोजण्यासाठीं २०१० सालापासून एक सोपी रीत प्रचारांत आहे. नडगीचीं क्ष-किरण चित्रें समोरून व बाजूनें अशीं दोन घेतात. प्रत्येकांत हाडाच्या दोन भिंती दिसतात, एकंदर चार. ज्या भिंतींत मोडीची रेषा दिसते व नवें हाड नाहीं, तिला १ गुण. नवें हाड आलें पण रेषा अजून दिसते, तिला २. रेषा बुजून गेली, तिला ३. म्हणजे बेरीज कमींत कमी ४ व अधिकांत अधिक १२. येथें मात्र शाळेप्रमाणेंच अधिक गुण चांगले. ही बेरीज दर भेटीस वाढत असेल तर निश्चिंत असावें. दोन-तीन महिने तेथेंच अडून राहिली तर शल्यवैद्य वेळींच सावध होतात. पण रुग्ण भेटीस गेलाच नाहीं तर बेरीज कोण करणार?

आमच्या जिल्ह्यांतील खरी अडचण येथें आहे. समजा, श्रावणांत पाय मोडला. हाडाच्या हिशेबानें त्याला पौष-माघ उजाडेपर्यंत अवधि पाहिजे. कारखान्याच्या हिशेबानें दसरा झाला कीं गाडी निघाली पाहिजे. उचल फिटावयाची असते, मुकादम दारांत उभा असतो, आणि तिसऱ्या महिन्याचा क्ष-किरण ज्या दिवशीं काढावयाचा त्या दिवशीं रुग्ण दोन-तीनशें किलोमीटर दूर फडांत असतो. त्याला दोष देणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. कुटुंबानें मात्र एवढें करावें: जाणें टळत नसेल तर शस्त्रक्रियेचे कागद व सर्व चित्रें बरोबर न्यावीं, जेथें मुक्काम पडेल तेथील जवळच्या सरकारी रुग्णालयांत ठरल्या वेळीं दाखवावें, आणि मोळी वाहण्याचें व ट्रॉली भरण्याचें काम त्या माणसाला देऊं नये. मुकादमांनीं व कारखान्यांनीं अशा माणसाला त्या हंगामापुरतें बैठें काम दिलें, किंवा उचल पुढील हंगामावर ढकलली, तर एक कोयता कायमचा मोडण्यापासून वांचेल. ह्यांत त्यांचाहि तोटा नाहीं.

कांहीं चिन्हें दिसतांच वेळ न घालवितां रुग्णालय गांठावें. जखमेंतून पू किंवा पाणी येऊं लागणें, ताप व लाली, तीन-चार महिन्यांनंतरहि पाय टेकतांच मोडीच्याच जागीं कळ येणें, तेथें हालचाल जाणवणें, किंवा पाय वांकडा दिसूं लागणें, हीं तीं चिन्हें होत. अशा वेळीं मालीश करूं नये.

आणि सर्व काळजी घेऊनहि हाड सांधलें नाहीं तर? तरीहि आशा संपत नाहीं. जुनी सळई काढून अधिक जाड सळई बसवितात. कमरेच्या हाडाचा गर काढून मोडीच्या जागीं कलम करतात. रशियांतील कुर्गान येथील डॉ. इलिझारोव्ह यांनीं १९५० नंतरच्या काळांत बाहेरून कड्या व ताणलेल्या तारा लावून न सांधलेलीं हाडें सांधण्याची पद्धति विकसित केली. इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी यांचा पाय १९६१ सालीं मोडला होता व नीट सांधला नव्हता. ते १९८० सालीं कुर्गानला गेले, आणि जवळ जवळ वीस वर्षांचें दुखणें तेथें बरें झालें. परंतु हे उपचार महिनोन्‌महिने चालतात, वेदनेचे असतात, व गरीब कुटुंबाला परवडण्याजोगे क्वचितच असतात. म्हणूनच आधीं ओळखणें व आधीं जपणें ह्यांचें मोल आहे.

मोडलेलें हाड पुन्हां जुळून येण्याचें सामर्थ्य परमेश्वरानें शरीरांतच ठेविलें आहे. वैद्य त्याला योग्य जागीं धरून ठेवतो; आपण त्याच्या आड न येणें एवढेंच आपलें काम. त्यासाठीं घरांतील शिकलेल्या मुलामुलींना करण्यासारखें पुष्कळ आहे. डॉक्टरांचा कागद वाचून पुढच्या भेटीची तारीख भिंतीवर लिहून ठेवणें, चित्रें पावसांत भिजूं न देतां जपणें, औषध वेळेवर देणें, मिश्रीची डबी व विडीचें बंडल घरांतून प्रेमानें पण निश्चयानें बाहेर काढणें, आणि ‘रॉड टाकला आहे, आतां काय होतें’ असें म्हणणाऱ्या थोरांना सळई व हाड यांची शर्यत समजावून सांगणें, हीं कामें दहा-बारा वर्षांचें मूलहि करूं शकतें. शल्यवैद्यानें मांडलेल्या गुणांत अपघाताचे गुण बदलत नाहींत. घरचे गुण बदलतात. ते बदलण्याची जबाबदारी आमच्या वाचकांनीं आपली मानावी.